अकरा महिन्यांचं बिऱ्हाड

पुण्यात कोणाकोणाला जागा भाड्यानं द्यायची नाही, याची एक अलिखित यादी आहे. तीत पोलीस आहेत, पत्रकार आहेत, कुत्रा पाळणारे आहेत, तबला शिकणारे आहेत आणि या सगळ्यांच्या डोक्यावर वकील आहेत. वकिलाला जागा दिली की ती जागा वकिलाची झाली, हे घरमालकांना मुंजीत गायत्री मंत्राबरोबरच कानात सांगत असावेत. कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्याची पंचाईत अशी की तो अजून वकील झालेला नसतो, त्यामुळे वकिलाची मिळकत त्याच्याकडे नसते. पण होणार असतो, त्यामुळे वकिलाची बदनामी मात्र प्रवेश घेतल्या दिवसापासून त्याच्या खात्यावर जमा होते.

माझी भाची सांगलीची. बारावीनंतर तिनं पाच वर्षांच्या लॉसाठी सीईटी दिली, प्रवेशाच्या फेऱ्या झाल्या आणि तिला पुण्याचं लॉ कॉलेज मिळालं. जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी पुण्यात राहतो. मी पुण्यात राहतो असं फक्त सांगलीतले लोक मानतात. मी मोशीला राहतो. मोशीहून लॉ कॉलेजला रोज जाऊन येऊन जो विद्यार्थी पाच वर्षं काढेल, त्याला पदवीऐवजी पीएमपीचा आजीव पासच द्यावा लागेल. ताईला हे मान्य होतं. "पण तू तिथला आहेस, तुझ्या ओळखी असतील," ती म्हणाली. माझ्या पुण्यातल्या बहुतेक ओळखी स्वतःच भाड्यानं राहतात, हे सांगून तिचा गैरसमज घालवावासा मला वाटला नाही.

पुण्यात 'लॉ कॉलेज' म्हटलं की कुठलं, हे सांगावं लागत नाही. इंडियन लॉ सोसायटीनं 1924 साली ते काढलं, टेकडीच्या पायथ्याशी ऐसपैस जागा घेतली आणि रस्त्यालाच कॉलेजचं नाव पडलं. यशवंतराव चव्हाण तिथंच कायदा शिकले, पुढं सरन्यायाधीश झालेले यशवंत विष्णु चंद्रचूडही तिथलेच. एवढी मोठी माणसं इथं शिकली तेव्हा ती राहिली कुठं, हा प्रश्न चरित्रकारांनी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. मला मात्र त्या दिवसांत दुसरं काही सुचत नव्हतं. याच परिसरात एकीकडे भांडारकर संस्थेत पोथ्यांवर काम करणारे अभ्यासक, दुसरीकडे जुन्या प्रभातच्या आवारात सिनेमा शिकणारी पोरं आणि मधे हे भावी वकील, अशा तीन जमाती एकाच वेळी खोल्या हुडकत हिंडत असतात. त्यात पोथीवाल्याला घरमालक पहिली पसंती देतो. पोथी वाचणारा माणूस आवाज करत नाही आणि कोर्टातही जात नाही. सिनेमावाल्याला तो नाक मुरडत का होईना देतो, न जाणो, उद्या नाव काढलं तर 'आमच्याकडेच असायचा' म्हणता येतं. वकिलाच्या बाबतीत 'आमच्याकडेच असायचा' हे वाक्य भूतकाळात जाईल की नाही, याचीच त्याला शाश्वती नसते.

लॉच्या प्रवेशाच्या फेऱ्या रेंगाळतात. त्या संपून विद्यार्थी पुण्यात उतरेपर्यंत चांगल्या खोल्या इंजिनीअरिंगवाल्यांनी पटकावलेल्या असतात. उरलेल्या जागा एजंटकडे असतात. एजंट एका महिन्याचं भाडं घेतो आणि बदल्यात आपल्याला भूगोल शिकवतो. "लॉ कॉलेज रोड टच आहे साहेब," म्हणून त्यानं दाखवलेली पहिली जागा कर्वेनगरात निघाली. कर्वेनगरची म्हणून सांगितलेली वारज्यात निघाली. वारज्याची म्हणून जी बघायला निघालो, तिच्या वाटेवर मी खडकवासल्याचं पाणी दिसतंय का, ते बघत होतो. प्रत्येक जागा कॉलेजपासून पाच मिनिटांवर होती. ही पाच मिनिटं पहाटे साडेतीनला, मोटरसायकलवर, सिग्नल बंद असताना मोजलेली असतात. 6 मार्च 2022 ला वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून एजंटांच्या शब्दकोशात 'मेट्रो टच'ची भर पडली आहे. याचा अर्थ, जागेच्या गच्चीतून मेट्रो दिसते. ती नळस्टॉपच्या दुमजली पुलावरून जाताना फार सुंदर दिसते, यात वाद नाही.

ताईच्या मनात सुरुवातीला मुंबई होती. चर्चगेटचं सरकारी विधी महाविद्यालय 1855 चं, डॉ. आंबेडकर तिथले प्राचार्य होते, हे तिनं कुठंतरी वाचलं होतं. पण तिथले तास सकाळचे, आणि आमचे मुंबईतले एकमेव नातेवाईक विरारचे. मुलीनं पहाटे चारला उठून विरारहून गाडी पकडायची आणि संविधानातला जीविताचा हक्क शिकायला जायचं, हे दाजींना पटलं नाही. मुंबई तिथंच खुंटली.

मग पेठा. सदाशिव आणि नारायण पेठेत खोली मिळत नाही, कॉट मिळते. कॉट म्हणजे एक पलंग, त्याखालची जागा आणि भिंतीतला एक खिळा. खिळा आधीचा माणूस सोडून जातो तेव्हा आपल्याकडे येतो. मुलींच्या एका वाड्यात आम्ही डोकावलो. एका खोलीत सहा कॉट होत्या आणि सहाही मुली एमपीएससीच्या. त्यातल्या एकीनं भाचीला कुठल्या कोर्सला आहेस विचारलं, लॉ म्हटल्यावर तिचे डोळे चमकले आणि तिनं राज्यपालांच्या वटहुकमाचं कलम विचारलं. भाची गप्प. कलम 213, तिनंच सांगितलं. मग आणीबाणीचं, मग वित्त आयोगाचं, मग पंचायत राजच्या घटनादुरुस्तीचं. सहाही कॉटवरून उत्तरं येत होती आणि एकही आमच्या बाजूनं जात नव्हतं. जिन्यावरून उतरताना भाची म्हणाली, "मामा, इथं राहिले तर मला रोज नापास झाल्यासारखं वाटेल." तिचं म्हणणं खरं होतं. राज्यघटना पाठ असलेल्या माणसांची जगातली सर्वांत दाट वस्ती लक्ष्मी रस्ता आणि टिळक रस्ता यांच्या मधे असावी, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

वसतिगृहाबद्दल फार लिहीत नाही. वसतिगृह कुठल्याही गावचं असो, जागा कमी, अर्ज जास्त, रात्री दाराला कुलूप लवकर आणि बाथरूमला रांग सकाळी. यादीत नाव लागलं नाही की विद्यार्थी रडतो, लागलं की पालक निर्धास्त होतात आणि विद्यार्थी दोन महिन्यांनी रडतो. नात्यातल्या घरी ठेवण्याचाही पर्याय निघाला होता. एरंडवण्यात दाजींची आत्या आहे. आत्यांनी "आपलंच घर आहे" असं मनापासून सांगितलं आणि पाठोपाठ सकाळी पाण्याची वेळ, दुपारी आल्यागेल्याचं, संध्याकाळी त्यांच्याबरोबर मंदिर आणि रात्री मालिका असं वेळापत्रक सांगितलं. त्यात कायद्याला कुठं फट नव्हती.

प्रभात रोडच्या एका गल्लीत, बंगल्याच्या मागच्या बाजूची स्वतंत्र खोली आम्हाला फार आवडली. खिडकीत आंब्याची फांदी, कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर. घरमालक बँकेतून निवृत्त झालेले, काकू हसतमुख. त्यांनी पाणी दिलं, बेसनाच्या वड्या पुढं केल्या, सांगलीची हळद आणि भडंग यांवर बोलणं झालं. भाडं पाच आकडी होतं, पण काकांच्या तोंडून ते इतकं सौम्य निघालं की दाजी मान डोलावून बसले. मग काकांनी विचारलं, "बेटा, शिकणार काय?"

"लॉ."

वडीची बशी आमच्याकडे येत होती, ती मधेच थांबली. काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "अहो, आपला विनय डिसेंबरात येणारे ना?" काका म्हणाले, "हो की! मी विसरलोच." अमेरिकेतला मुलगा त्या एका शब्दानं डिसेंबरात विमानात बसला. तो पुढं आला की नाही माहीत नाही, पण पुण्यातल्या एकूण किती मुलांना लॉच्या विद्यार्थ्यांमुळे अशी मायदेशाची ओढ लागली असेल, याचा हिशोब कोणीतरी करायला हवा.

पुढच्या घरी भाचीनं स्वतःच पवित्रा बदलला. काय शिकतेस, तर म्हणाली, "बी.ए." पदवीचं नाव बी.ए. एलएल.बी. असल्यामुळे हे खोटं नव्हतं. साक्षीदाराच्या शपथेत 'खरं सांगेन' याच्या पुढं 'पूर्ण खरं सांगेन' हे का घालतात, ते मला त्या क्षणी कळलं. घरमालकीणबाईंनी विषय विचारले. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, म्हणेपर्यंत ठीक होतं. मग तिच्या पिशवीतून 'इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट, 1872' हे जाडजूड नाव छापलेलं पुस्तक अर्धं बाहेर आलं. बाईंचा चष्मा कपाळावरून नाकावर आला.

घरमालकांना हसणं सोपं आहे. पण हा धसका त्यांनी काही हवेतून आणलेला नाही. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. त्या दिवशी ज्याचं भाडं चार रुपये होतं, त्याच्या नातवानंही जवळपास तेच भाडं भरावं आणि मालकाच्या नातवानं त्यातून वाड्याची कौलं बदलावीत, अशी ती व्यवस्था होती. मालकांनी मग शहाणपणा केला. भाडेकरू ठेवायचाच नाही, 'लायसन्सी' ठेवायचा. कागदावर लिहायचं की हा माणूस इथं राहतो ते केवळ आमच्या परवानगीनं, जागेवर याचा काही हक्क नाही. हा तोडगा चांगला चालला होता. मग 1973 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षाच्या 1 फेब्रुवारीला जो जो लायसन्सी किमान एका खोलीत राहत होता, तो संरक्षित भाडेकरू ठरला. थोड्या दिवसांसाठी ठेवलेला माणूस कायमचा झाला. ज्यांच्या घरात असं घडलं, त्यांच्या पुढच्या दोन पिढ्या लॉ हा शब्द ऐकून बशी मागं घेणार नाहीत, तर काय करतील? आता 1999 चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आहे, तो 31 मार्च 2000 पासून लागू आहे आणि लायसन्सीची मुदत संपली की त्याला बाहेर काढणं त्यात बरंच सोपं केलेलं आहे. राहून बसला तर दुप्पट भाड्यानं भरपाई द्यावी लागते. पण घरमालकाच्या मनात कायदा गॅझेटमधून जात नाही. तो सासऱ्यांच्या तोंडून जातो, आणि सासरे 1973 मध्येच थांबलेले असतात.

अकरा महिन्यांचंही तसंच. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून जुन्या शहाण्यांनी एक महिना कापून ठेवला. आपल्याकडे भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम 55 नं मुदत कितीही असली तरी करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा असं सांगितलं, तरी अकरा महिने गेले नाहीत. मुदत विचारली की कोणीही अकरा महिने म्हणतो, का ते विचारलं तर 'तसंच असतं' म्हणतो. लग्नात अंतरपाट का धरतात, याचं उत्तर ज्या सुरात मिळतं, त्याच सुरात. कलम 55 मध्ये आणखी एक गंमत आहे. करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर, आणि तो न नोंदवता वाद झाला तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत भाडेकरू म्हणेल ते अटींचं स्वरूप खरं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडही होऊ शकतो. हे कलम भाचीनं पहिल्या आठवड्यात शोधून काढलं आणि पुढच्या घरी ती ते सांगणार होती. दाजींनी तिला जिन्यातच थांबवलं.

खाण्याचा प्रश्न तेवढाच मोठा. लंडनमध्ये बॅरिस्टर व्हायचं तर इन्स ऑफ कोर्टच्या भोजनगृहात ठरावीक रात्री जेवणं हाच अभ्यासक्रमाचा भाग असे. दर टर्मला किमान सहा जेवणं. गांधीजी 1888 साली इनर टेंपलमध्ये दाखल झाले, तिथं चौघांच्या टेबलाला मिळून दोन बाटल्या वाइन मिळायची. गांधीजी पिणारे नव्हते, त्यामुळे बाकीच्या तिघांना ते आपल्या टेबलावर हवेसे वाटत. हे त्यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. जागा निवडायचा त्यांचा नियमही साधा होता: जिथं काम असेल तिथं अर्ध्या तासात पायी पोचता यावं आणि गाडीभाडं वाचावं. आमच्या एजंटनं एवढी एक गोष्ट वाचली असती तरी पुरे होतं. डॉ. आंबेडकर ग्रेज इनमध्ये कायदा शिकत होते, तेव्हा लंडनला 10, किंग हेन्रीज रोडवर राहत. धनंजय कीरांच्या चरित्रात त्या दिवसांचं वर्णन आहे. घरमालकीण जेवायला इतकं कमी द्यायची की रात्री उशिरा अभ्यास करताना भूक लागली, की मुंबईच्या मित्रानं दिलेले पापड हाच आधार. ते घर महाराष्ट्र सरकारनं 2015 साली विकत घेतलं. आज ते स्मारक आहे. त्या बाईच्या स्वयंपाकाचं काय झालं, ते सरकारनं सांगितलेलं नाही.

पुण्यात डबेवाल्या काकूंचा प्रांत वेगळा. पहिल्या महिन्यात तीन पोळ्या, दोन भाज्या, आमटी, भात, कोशिंबीर. दुसऱ्या महिन्यात कोशिंबीर रविवारपुरती. तिसऱ्या महिन्यात दोन भाज्यांपैकी एक बटाट्याची आणि दुसरी कालच्या बटाट्याची. याला करारशास्त्रात अटींमध्ये एकतर्फी बदल म्हणतात आणि त्यावर दाद मागायची तर उद्याचा डबा चुकतो.

शेवटी जागा मिळाली ती कोथरूडला, डहाणूकर कॉलनीत. एजंटनं नाही, दूधवाल्यानं दाखवली. दुसऱ्या मजल्यावर सत्तरीच्या काकू एकट्या राहत होत्या, एक खोली द्यायची होती. भाचीनं या खेपेला धीर करून पहिल्याच वाक्यात सांगितलं की मी लॉ शिकते. आम्ही निघायच्या तयारीनं चपलांकडे बघत होतो. काकू म्हणाल्या, "देवानंच पाठवलं गं तुला. बस."

आणि त्यांनी बेडवरची चादर उचलून बाजूला केली. खाली पत्र्याची पेटी. पेटीत फायली, लाल फितीनं बांधलेल्या, वर बॉलपेननं वर्षं टाकलेली. भोरजवळच्या जमिनीच्या वाटपाचा दावा, चुलतभावांविरुद्ध, 1991 साली दाखल केलेला. मध्यंतरी वादी वारले, त्यांचे वारस रेकॉर्डवर आले. मग एक प्रतिवादी वारले, त्यांचे वारस शोधायला चार वर्षं गेली. दोन वकील गेले, एक न्यायाधीश झाले. काकू हे सगळं शेंगा सोलत सांगत होत्या. मनाई हुकूम, कैफियत, फेरफार, वकीलपत्र, मुखत्यारपत्र, हुकूमनामा. भाची इंग्रजी माध्यमाची. ती माझ्याकडे बघत होती, मी दाजींकडे, दाजी पेटीकडे. एवढ्या सहज कोर्टाची मराठी बोलणारा माणूस मी वकिलांतही क्वचित पाहिला आहे. भाडं काकूंनी दोन हजारांनी कमी केलं. अट एकच: आठवड्यातून एकदा फायली लावून द्यायच्या, आणि पेटी खोलीतून हलणार नाही.

करार करायला लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन एक तरुण आला. इथं कायदा पहिल्यांदा आमच्या विरोधात उभा राहिला. भाचीला अठरा पूर्ण व्हायला पाच महिने होते. अज्ञान व्यक्तीनं केलेला करार मुळातच रद्द, असं प्रिव्ही कौन्सिलनं 1903 साली मोहरी बीबीच्या खटल्यात सांगून ठेवलेलं आहे. त्या खटल्यातल्या धर्मोदास घोषनं अज्ञान असताना घर गहाण टाकलं आणि सावकाराचे पैसे बुडाले. कराराच्या विषयात हा खटला अगदी सुरुवातीलाच येतो, आणि तो शिकणारीच खोली घेऊ शकत नाही, हे मला फार आवडलं. करार दाजींच्या नावानं झाला. दाजींचा अंगठा पहिल्या झटक्यात लागला. काकूंचा लागेना. चाळीस वर्षं धुणी आणि भांडी, रेषाच उरल्या नव्हत्या. अंगठा पुसला, खोबरेल लावलं, पुन्हा पुसला. शेवटी अनामिका चालली. "कोर्टातसुद्धा माझं असंच होतं," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या सत्रात एका रात्री भाचीचा फोन आला. आवाज दबका. "मामा, हे लायसन्स नाहीच. लीज आहे!" तिला दिल्लीच्या इम्पिरियल हॉटेलचा खटला सापडला होता. हॉटेलच्या काही खोल्यांत आर. एन. कपूर नावाचा माणूस केस कापायचं दुकान चालवत होता, करारावर लायसन्स लिहिलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं 1959 मध्ये म्हटलं की कागदावर काय नाव दिलंय याला महत्त्व नाही, जागेचा ताबा कोणाचा ते बघा, ही लीजच आहे. त्यात इंग्लंडचीही साक्ष तिनं काढली. बोर्नमथजवळ श्रीमती माउंटफर्ड आठवड्याला 37 पौंड देऊन दोन खोल्यांत राहत होत्या, घरमालक मिस्टर स्ट्रीट स्वतः सॉलिसिटर, त्यांनी करारावर जपून 'लायसन्स' लिहिलेलं. हाउस ऑफ लॉर्ड्सनं 1985 मध्ये ते खोडून भाडेकरू ठरवलं. "म्हणजे घरमालक वकील असूनसुद्धा हरला," भाची म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदा खरोखरचा वकील ऐकू आला, आणि मी घाबरलो. मोशीहून डहाणूकर कॉलनीपर्यंत जाऊन काकूंची समजूत घालण्याची वेळ माझ्यावर येणार, असं मला दिसू लागलं.

तसं काही झालं नाही. काकूंनी तिचं बोलणं दारातून ऐकलं होतं. त्या आत आल्या आणि पेटी उघडली. "खोलीचा ताबा तुझा एकटीचा कुठाय?" त्यांनी विचारलं. "ही पेटी माझी, मी रोज येते, कपाटाची एक किल्ली माझ्याकडे. आणि तुझ्या त्या भाडेनियंत्रण कायद्याचं कलम 24 वाचलंस, त्याखालचं स्पष्टीकरण वाचलंस का?" भाचीनं वाचलं. लायसन्सचा करार लेखी असेल तर त्यात जे लिहिलंय तेच अंतिम पुरावा. केस कापणाऱ्याचा खटला डहाणूकर कॉलनीत पोचण्याआधीच विधिमंडळानं त्याची वाट बंद करून ठेवली होती.

त्या रात्रीपासून दोघींचं चांगलं जमलं. मूट कोर्टची तयारी करताना भाची मोठ्यानं बोलते, आधी खालच्या मजल्यावरून तक्रार यायची. आता काकू समोर खुर्चीत बसतात आणि "साक्षीदाराला उत्तर सुचवू नकोस" म्हणतात. भारतीय दंड विधान गेलं आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा जुन्या नव्या दोन्ही पुस्तकांसाठी काकूंनी स्वतःहून पेटीचा वरचा कप्पा रिकामा केला. पुराव्याच्या नव्या कायद्याबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नाही, कारण आपल्या दाव्याला जुनाच लागू आहे असं त्यांचे वकील सांगतात.

अकरा महिने संपत आले, तसं ताईनं मला फोन केला. करार संपतोय, काकू पुढं ठेवतील ना, भाडं वाढवतील का, पुन्हा एजंट बघायचा का. मी भाचीला विचारलं, भाचीनं काकूंना. काकू फायलीवर नवी लाल फीत बांधत होत्या.

"जातेस कुठं?" त्या म्हणाल्या. "अकरा महिन्यांत आमच्या दाव्यात सरतपासणीसुद्धा संपत नाही. सनद हातात पडली की उलटतपासणी तूच घ्यायची आहेस. तोपर्यंत भाडं मात्र पाच तारखेच्या आत."